पावसाळाभर झाकून ठेवलेली स्पोर्ट्स कार सुरू होत नसेल तेव्हा

गोव्यात मृग लागला की जमिनीलगत बसणाऱ्या दोन दारांच्या गाड्या गॅरेजमध्ये जातात आणि हस्त सरल्याशिवाय बाहेर येत नाहीत. यात मालकांचे काही चुकत नाही. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या भूमीत पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि तळ जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असलेली गाडी अशा रस्त्यावर नेणे म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेले ऑइलचे पात्र, म्हणजे सम्प, फोडून घेण्याची तयारी ठेवणे होय. अडचण उभी राहते ती दसऱ्याच्या तोंडावर. पूजेसाठी गाडी धुवायची म्हणून आच्छादन निघते, चावी फिरते, आणि मे महिन्यात पहिल्याच सेल्फला सुरू झालेली गाडी आता हूं की चूं करत नाही.

युरोप-अमेरिकेत अशा गाड्या हिवाळ्यात झाकून ठेवतात, आणि या विषयावर उपलब्ध असलेले बहुतेक मार्गदर्शन तिथल्या थंडीला समोर ठेवून लिहिलेले आहे. गोठणारे कूलंट, थंडीने घट्ट झालेले ऑइल, बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ हे त्यांचे प्रश्न आहेत. आपल्याकडे त्यांतले एकही नाही. आपल्या गाडीला त्रास देतो तो चार महिने भिंतींतून, जमिनीतून आणि हवेतून झिरपणारा ओलावा, आणि त्या पावसात कोरडी जागा शोधत आत आलेला उंदीर. त्यामुळे तपासणीचा क्रमही आपल्याला आपला लावावा लागतो. पुढे सांगितलेला क्रम पेट्रोलवर चालणाऱ्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीसाठी आहे आणि ज्यांनी आयुष्यात कधी बॉनेटखाली हात घातलेला नाही अशांना समोर ठेवून तो लिहिला आहे.

चावी आधी खिशात असू द्या

गाडी सुरू होत नाही असे दिसले की माणूस पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहतो. नवख्यांनी सर्वांत आधी मोडायची सवय ती हीच. प्रत्येक निष्फळ प्रयत्नात उरलीसुरली बॅटरी खर्ची पडते, स्टार्टर तापतो, प्लग पेट्रोलने भिजतात आणि एका दोषाचे तीन दोष होतात. खरे तर पहिला सेल्फसुद्धा अर्धा तास गाडी डोळ्यांनी पाहिल्यानंतरच मारावा.

हात घालण्याआधी टॉर्च घालावा. पावसाळ्यात गॅरेजमध्ये उंदीर असतील तर त्यांच्या मागावर साप येतो, आणि नाग, घोणस व मण्यार हे तिन्ही विषारी साप गोव्यात सर्वत्र आढळतात. चाकांच्या वरच्या पोकळीत, इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या ताटावर आणि सीटखाली उजेड टाकून नीट पाहावे. साप दिसल्यास काठीने डिवचत न बसता वन खात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. दंश झालाच तर वेळ न घालवता १०८ क्रमांकावर फोन करावा.

त्यानंतर पाणी कुठवर आले होते ते पाहावे. चिऱ्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, ती फसवत नाही. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत चढल्याची शंका असेल, तर इंजिनातल्या ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढून पाहावी. ऑइल दुधाळ, चहात साय मिसळावी तसे दिसले तर तपासणी तिथेच थांबवावी, बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि गाडी फ्लॅटबेडवरून, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून, मेकॅनिककडे न्यावी. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टन दाबू पाहतो, पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. काही हजारांत भागणारे काम त्या एका क्षणात काही लाखांवर जाते. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला फक्त पिवळट फेसाचा पातळ थर असेल तर मात्र घाबरू नये. तो बहुधा हवेतल्या दमटपणाचा असतो आणि गाडी नीट तापून चालली की जातो.

उघड्या टपाच्या गाड्यांत आणखी एक जागा हमखास तपासावी लागते. कापडी टपाभोवतीचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात; त्या पाने आणि शेवाळ यांनी तुंबल्या की पाणी सरळ गाडीच्या आत उतरते. गालिचा हाताने दाबून पाहावा. पोर्शे बॉक्स्टरच्या जुन्या पिढ्यांत इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, नियंत्रक सीटखाली बसवलेला आहे, त्यामुळे तिथे साचलेले पेलाभर पाणीही गाडी कायमची गप्प करू शकते. गालिचा ओला लागला तर बॅटरी सोडवून तो आधी पूर्ण वाळवावा, आणि मगच पुढे जावे.

आता उंदीर. बॉनेट उघडून तारांच्या जुड्या बोटांनी चाचपत जावे आणि कुरतडलेले आवरण, उघडे पडलेले तांबे, लेंड्या, लघवीचा उग्र वास यांची चिन्हे शोधावीत. एअर फिल्टरची पेटी न उघडता ही तपासणी पूर्ण झाली असे समजू नये. एका ऑक्टोबरमध्ये मी माझ्या गाडीची पेटी उघडली, तेव्हा फिल्टरच्या घड्यांवर नारळाच्या काथ्याची वाटी विणलेली होती, तिच्या कडेला सुपारीच्या सालींचे अस्तर होते आणि मध्ये काजूच्या बियांची पोखरलेली टरफले नीट रचून ठेवलेली होती. फिल्टरचा कागद एका कोपऱ्यात आरपार फाटला होता. तसाच सेल्फ मारला असता तर तो काथ्या इंजिनात ओढला गेला असता. पेट्रोलची नळीसुद्धा उंदीर कुरतडतात. गॅरेजमध्ये शिरताच पेट्रोलचा वास आला तर दिव्याचे बटणही दाबू नये, दारे उघडून वास जाऊ द्यावा आणि गळती सापडेपर्यंत चावीला हात लावू नये.

शेवटी सायलेन्सरच्या नळीत आपणच जूनमध्ये कोंबलेला बोळा तिथेच आहे का, ते पाहावे. ही गोष्ट विसरली जाते.

बॅटरी: मीटरवर विश्वास ठेवा, दिव्यांवर नको

डॅशबोर्डचे दिवे लागले म्हणजे बॅटरी ठीक आहे, हा समज अगदी जुन्या चालकांचाही असतो आणि तो चुकीचा आहे. डॅशबोर्डला काही अँपिअर पुरतात. स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर लागतात. म्हणून एक साधा डिजिटल मल्टिमीटर विकत घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात तो काही शेकड्यांत मिळतो, आणि अंदाजाने बदललेल्या एका बॅटरीच्या तुलनेत ही रक्कम काहीच नाही.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या धन आणि काळे टोक ऋण टर्मिनलवर टेकवावे. काही तास विसावलेल्या साध्या शिसे-आम्ल बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसले तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आधुनिक स्पोर्ट्स कारमध्ये बहुधा एजीएम प्रकारची, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवणारी, बॅटरी असते. तिचे पूर्ण भरलेले माप थोडे वर, १२.८ च्या आसपास असते.

चार महिन्यांत बॅटरी का उतरते, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहिला की मनातली शंका जाते. गाडी बंद असतानाही अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि संगणक यांना मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह लागणे सामान्य मानले जाते. दिवसाचे होतात १.२ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची नवी, भरलेली बॅटरी या वेगाने ५० दिवसांत संपते, आणि मृग ते हस्त हा काळ तर १२० दिवसांचा. म्हणजे गाडीत दोष काहीही नसताना, केवळ बॅटरी जोडलेली राहिली म्हणून, ती श्रावणाच्या आसपासच रिकामी झालेली असणार. त्यात आपल्या उष्ण हवेत बॅटरी स्वतःहूनही थंड देशांपेक्षा लवकर उतरते.

रिकाम्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची साठवण कायमची घटते. त्यामुळे उतरलेली बॅटरी आधी काढून चार्जरवर लावावी आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायच्या जंप केबलचा विचार नंतर करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. काढताना ऋण तार प्रथम सोडवावी, बसवताना ती शेवटी जोडावी. असे केल्याने पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ५ ते ६ अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर तरी ठेवावे लागते. एजीएमसाठी चार्जरवर तसा पर्याय असतो, तोच निवडावा. लिथियमची बॅटरी असेल तर तिच्यासाठी बनवलेलाच चार्जर हवा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, म्हणून खोली हवेशीर असावी आणि जवळ समई, उदबत्ती, विडी काही नको.

चार्ज होऊन काही तास विसावल्यावर पुन्हा मोजावे. १२.४ च्या वर टिकली तर गाडीत बसवावी, मीटर लावलेला ठेवावा आणि दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारायला सांगावे. स्टार्टर फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी संपली आहे, ती बदलावी. बीएमडब्ल्यूसह अनेक गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने गाडीच्या संगणकात करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने होत राहते.

बॅटरी सापडणे हेच नवख्यांना कधी कधी कोडे होऊन बसते. बीएमडब्ल्यू झेड-४ मध्ये ती मागच्या डिकीत असते. पोर्शेच्या ९११ आणि बॉक्स्टरमध्ये इंजिन मागे किंवा मध्ये असल्याने ती पुढच्या डिकीत असते, आणि ती डिकी विजेवर उघडणारी असेल तर बॅटरी उतरल्यावर उघडतच नाही. पोर्शेच्या कित्येक मॉडेलांत फ्यूज पेटीत त्यासाठीच ओढून बाहेर काढायचे एक टर्मिनल दिलेले आहे: बाहेरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक त्याला आणि ऋण टोक दाराच्या कुलपाच्या धातूला लावले की डिकीचे कुलूप सुटते. एवढ्याशा तारेतून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न मात्र करू नये. आपल्या गाडीची सोय कुठे आहे ते मालकाच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि ते पान पावसाळ्याआधीच वाचून ठेवावे.

जंप केबलने गाडी सुरू करायचीच झाली तर क्रम असा: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळी आधी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या धातूला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या अर्थ बिंदूला. दुसरी गाडी पाच-दहा मिनिटे चालू ठेवून मग सेल्फ मारावा आणि केबल उलट क्रमाने काढाव्यात. आपल्याकडे खाणपट्ट्यात शेजारच्या अंगणात टिपर उभा असतो आणि मदतीचा हात पुढे करणारा चालकही सज्जन असतो, तरी ती मदत नम्रपणे नाकारावी. टिपरची यंत्रणा २४ व्होल्टची असते, आणि ती जोडली तर तुमच्या गाडीतले नियंत्रक एकामागून एक जळतील.

आवाज काय सांगतो

बॅटरी भरलेली आहे याची खात्री झाल्यावरच चावी फिरवावी. मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये आणि ऑटोमॅटिक ‘पी’मध्ये (पार्क) ठेवावी, पुढची जागा मोकळी असावी, मॅन्युअल गाडीत क्लच आणि ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक पूर्ण दाबावा, कारण पेडलवरचा स्विच जोडला गेल्याशिवाय कित्येक गाड्यांत स्टार्टरला वीजच जात नाही. तो स्विच गंजणे हाही पावसाळ्यातला नेहमीचा दोष आहे. एका प्रयत्नाला दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावे.

टकटकटक असा भराभर आवाज आला तर स्टार्टरपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचत नाही: एकतर बॅटरी अजून कमजोर आहे किंवा टर्मिनल सैल अथवा गंजलेले आहे. एकच जाड ‘टक’ ऐकू येऊन पुढे शांतता पसरली, तर स्टार्टर, त्याची जाड तार किंवा अर्थिंग यांवर संशय घ्यावा. क्वचित इंजिनच अडकलेले असते, पण पाणी न शिरलेले चांगले इंजिन चार महिन्यांत सहसा अडकत नाही. मुळीच आवाज नसेल तर फ्यूज, स्टार्टरचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), क्लच किंवा ब्रेकचा स्विच, ऑटोमॅटिकचा गिअर ‘पी’मध्ये नीट बसला आहे की नाही, आणि इमोबिलायझर, या क्रमाने पाहावे. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पेटत नाही, हा प्रकार सर्वस्वी वेगळा आहे. त्याकडे पुढे येऊ.

अर्थिंग: दोन वर्षे मला न दिसलेला दोष

गाडीची बॉडी हीच विजेचा परतीचा रस्ता असते, आणि बॅटरीपासून बॉडीला व बॉडीपासून इंजिनाला जोडणाऱ्या जाड अर्थ पट्ट्या समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत आतून कुजतात. माझ्या गाडीने सलग दोन दसरे एकाच ‘टक’वर काढले. पहिल्या वर्षी एका गॅरेजने बॅटरी बदलून दिली, दुसऱ्या वर्षी स्टार्टरही उतरवून पाहिला. दोष राहिला तो राहिलाच, कारण तो गिअरबॉक्सजवळच्या एका दहा नंबरच्या बोल्टखाली होता. वरून ती पट्टी धडधाकट दिसत होती. तिच्या टोकावरची रबरी टोपी मागे सारली तेव्हा आतून हिरवट पूड सांडली आणि तांब्याच्या विणीतले निम्मे धागे बोट लावताच तुटले. उरलेल्या धाग्यांतून डॅशबोर्डचे दिवे सुखाने लागत होते; स्टार्टरचा भार त्यांना पेलत नव्हता.

हा दोष डोळ्यांनी शोधण्यापेक्षा मीटरने लवकर सापडतो. मीटरचे काळे टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, तारेच्या क्लिपवर नव्हे तर खांबावर, आणि लाल टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. ०.२ व्होल्टपर्यंत आकडा ठीक आहे. अर्ध्या व्होल्टपुढे गेला तर परतीच्या रस्त्यात अडथळा आहे हे नक्की. अशा वेळी बॅटरीची ऋण तार सोडवून पट्टीचे दोन्ही बोल्ट काढावेत, रिंग आणि बॉडीवरची जागा सँडपेपरने धातू चमकेपर्यंत घासावी, बोल्ट घट्ट आवळावा आणि ओलावा आत जाऊ नये म्हणून जोडणी पूर्ण झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. जेली आधी लावून मग बोल्ट आवळण्यापेक्षा हा क्रम बरा. धागे तुटलेली पट्टी घासून उपयोग नाही, ती बदलावी. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरट-निळी पूड खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून त्याने धुता येते. हे पाणी बॅटरीच्या छिद्रांत जाता कामा नये, आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही

इंजिनाला पेट्रोल, ठिणगी, हवा आणि संगणकाची परवानगी लागते. परवानगीपासून सुरुवात केलेली बरी, कारण ती तपासायला पाना लागत नाही. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहिले तर गाडीने चावी ओळखलेली नाही. चावीतली बटणासारखी बॅटरी, बहुधा सीआर २०३२, बदलून पाहावी, दुसरी चावी लावून पाहावी, आणि बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत पुस्तिकेत सांगितलेल्या जागी चावी टेकवून प्रयत्न करावा.

मग पेट्रोल. चावी ‘ऑन’वर आणली, सेल्फ न मारता, की टाकीच्या दिशेने दोनतीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी, तो पंप दाब तयार करत असतो. काही गाड्यांत ती दार उघडतानाच होते, म्हणून गॅरेज शांत असताना लक्ष देऊन ऐकावे. गुणगुण नसेल तर पंपाचा फ्यूज पाहावा, आणि मग रिले उपटून त्याच्या पायांवर हिरवा थर आहे का ते तपासावे. फ्यूज पेटीत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असतो, उदाहरणार्थ हॉर्नचा. तो तात्पुरता तिथे लावून पाहणे ही एका मिनिटाची आणि फुकटची चाचणी आहे.

पंप चालतो आणि तरीही इंजिन पेटत नाही, तेव्हा टाकीतल्या पेट्रोलचा विचार करावा. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पाव भरलेल्या टाकीत दमट हवेला जागाही भरपूर असते. पाणी एका मर्यादेपुढे गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातून ओढतो. केवळ चार महिने जुने झाल्यामुळे पेट्रोल सहसा इतके बिघडत नाही की गाडी सुरूच होऊ नये, म्हणून हा दोष मी यादीत खाली ठेवतो. मात्र काढलेल्या नमुन्यात दोन थर दिसले तर वरून ताजे पेट्रोल ओतून काम भागवू नये, टाकी रिकामी करून घ्यावी. हे काम उघड्या जागेत आणि मेकॅनिकच्या हातूनच व्हावे.

वारंवार सेल्फ मारल्यामुळे प्लग भिजले असतील तर सायलेन्सरशी कच्च्या पेट्रोलचा वास येतो. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला आणि सेल्फ मारला की संगणक इंजेक्टर बंद ठेवतो आणि सिलिंडर कोरडे होतात. पाच-सात सेकंद असे करून पाय काढावा आणि पुन्हा नेहमीसारखा प्रयत्न करावा. धक्का मारून गाडी सुरू करण्याचा मोह टाळावा, कारण न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचे नुकसान करते, आणि दुहेरी क्लचच्या किंवा ऑटोमॅटिक गाडीत तर तो उपाय लागूच पडत नाही.

ठिणगीचा दोष आपल्याकडे बहुधा ओलाव्याचा असतो. प्रत्येक प्लगच्या वर बसणाऱ्या कॉइल काढून त्यांखालच्या खोल विहिरीत पाणी किंवा गंज आहे का ते टॉर्चने पाहावे, कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावेत आणि वाळू द्यावेत. प्लग खोलण्याआधी विहिरीतला कचरा हवेने उडवून काढावा, नाहीतर तो सिलिंडरमध्ये पडतो. ठिणगी पाहण्यासाठी प्लग हातात धरून इंजिनाला टेकवण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी. आजच्या कॉइल हजारो व्होल्टचा धक्का देतात. त्यासाठी मिळणारा स्वस्त टेस्टर वापरावा.

इथवर काही सापडले नाही तर गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर लावावा. पी०३३५ हा कोड क्रँकशाफ्ट सेन्सरच्या परिपथाकडे बोट दाखवतो, पी०३४० कॅमशाफ्ट सेन्सरकडे आणि पी०२३० पेट्रोल पंपाच्या परिपथाकडे. सेन्सर बदलण्याची घाई मात्र करू नये. आधी त्याच्या तारेवरून बोट फिरवावे, कारण आपल्याकडे सेन्सरपेक्षा त्याची कुरतडलेली तारच अधिक वेळा दोषी निघते. बॅटरी उतरलेली असताना संगणक डझनभर खोटे कोड नोंदवतो. ते लिहून घ्यावेत, पुसावेत, भरलेल्या बॅटरीवर पुन्हा प्रयत्न करावा आणि जे परत येतील त्यांचाच पाठपुरावा करावा.

इंजिन पेटून दोन सेकंदांतच बंद पडत असेल तर पुन्हा इमोबिलायझरकडे वळावे. पेटून डचमळत, हेलकावे खात बंद पडत असेल तर एअर फिल्टरनंतरच्या रबरी नळीला भोक पडलेले आहे का ते शोधावे. बॅटरी सोडवलेली असेल तर इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलचे संगणकाने शिकलेले माप पुसले जाते, त्यामुळे पहिली काही मिनिटे चाल थोडी खडबडीत असणे स्वाभाविक आहे.

सुरू झाल्यावरचा पहिला तास

गॅरेजचे दार सताड उघडे ठेवूनच इंजिन चालवावे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करावे. रेस मारू नये, कारण चार महिन्यांत बेअरिंगवरचे ऑइल खाली उतरलेले असते. चालू इंजिनावर बॅटरीचे माप १३.८ ते १४.७ व्होल्टच्या दरम्यान असावे. ते १२ च्या घरातच राहिले तर अल्टरनेटर चार्ज करत नाही.

गाडी हलत नसेल तर ॲक्सिलरेटरने ओढू नये. हँडब्रेक लावून ठेवला असेल तर पॅड डिस्कला गंजून चिकटलेले असतात. पुढे-मागे हळू हलवून सुटले नाहीत तर चाक काढून कॅलिपरवर हलके ठोकावे लागते. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे, आणि तिथे जोर न करता मेकॅनिकला बोलवावे. डिस्कवरचा तांबूस थर मात्र पहिल्या काही ब्रेकांत निघून जातो. हवा भरून घ्यावी, अंगणात दोनतीनदा ब्रेक दाबून पाहावा, आणि मग किमान अर्धा तास गाडी रस्त्यावर चालवावी. फोंड्याच्या बाजारात अडकून पडण्यापेक्षा पहाटेचा मोकळा रस्ता निवडावा; जागेवर पाच मिनिटे चालवून बंद केलेल्या इंजिनात ओलावा वाढतो आणि बॅटरी भरत नाही. पहिल्या दिवशी चोरला घाट मनात आणू नये.

पुढच्या मृगाआधी

बॅटरीला मेंटेनर, म्हणजे ती सतत भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावून ठेवावा, आणि तो घेताना वीज जाऊन परत आल्यावर आपोआप सुरू होणारा आहे याची खात्री करावी, कारण पावसाळ्यात आपल्या गावांत दिवे किती वेळा जातात हे सांगायला नको. मेंटेनर शक्य नसेल तर ऋण तार सोडवावी. पण विजेवर उघडणाऱ्या डिकीत बॅटरी असेल तर ती डिकी नंतर कशी उघडणार ते आधी ठरवावे. टाकी काठोकाठ भरावी, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवावी, हँडब्रेक न लावता चाकांना लाकडी उटी, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून लावायचे ठोकळे, द्याव्यात. आच्छादन हवा खेळणाऱ्या कापडाचे असावे. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली जमिनीतून वर येणारी वाफ कोंडते आणि गाडी आतून भिजते. गॅरेजमध्ये नारळ, सुपारी, काजू, भाताची पोती काहीही साठवू नये, नाहीतर उंदरांना घर आणि कोठार शेजारी शेजारी मिळते. हवेच्या आणि सायलेन्सरच्या तोंडांना बारीक जाळी लावावी, आणि काय काय सोडवले, काय कुठे कोंबले, कोणत्या चाकाला उटी दिली हे एका कागदावर लिहून तो कागद स्टिअरिंगला दोऱ्याने बांधून ठेवावा.